तट उभा, किल्ला गेला : कोकणच्या जलदुर्गांचा आढावा

विजयदुर्गचा तिहेरी तट आजही उभा आहे. तो उभा असतानाच फेब्रुवारी १७५६मध्ये हा किल्ला जेमतेम दोन दिवसांच्या लढाईत इंग्रजांच्या हाती गेला. उत्तरेला मुरुडसमोरचा जंजिरा याउलट एकेरी तटाचा. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पहिला बाजीराव अशा तिघांच्या मोहिमा त्याच्यावर झाल्या, तरी तो कोणाला मिळाला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन होईपर्यंत तो तिथल्या सिद्दी सत्ताधीशांकडेच राहिला. भिंतींची जाडी आणि बुरुजांची संख्या मोजून किल्ल्याची ताकद ठरत असती, तर हे उलटे व्हायला हवे होते.

कोकणच्या जलदुर्गांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातला मोठा भाग तटाची लांबी, बुरुजांची संख्या, तोफांची नावे आणि बांधणीच्या कथा यांत खर्च झालेला दिसतो. ही माहिती लागतेच. पण समुद्रातला किल्ला कशावर टिकतो आणि कशामुळे पडतो, याचे उत्तर तिच्यात पुरते सापडत नाही. ते शोधायचे तर बांधकाम आणि वेढे एकत्र पाहावे लागतात. तसे पाहिले की एक गोष्ट वारंवार समोर येते. जलदुर्गाचा निम्मा भाग त्याच्या तटाबाहेर असतो : समोरच्या किनाऱ्यावर, खाडीत आणि त्याच्या आरमारात. हा बाहेरचा निम्मा भाग गेला, की आतला फार दिवस तग धरत नाही.

जागा

जलदुर्ग हा शब्द आपण सैलपणे वापरतो. काटेकोर पाहिले तर किनाऱ्यावरच्या किल्ल्यांचे तीन प्रकार पडतात. चहूबाजूंनी पाणी असलेले बेटावरचे किल्ले हा पहिला : सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, पद्मदुर्ग, जंजिरा. दुसरा प्रकार ओहोटीला जमिनीशी जोडले जाणाऱ्या किल्ल्यांचा. अलिबागचा कुलाबा हे त्याचे ठळक उदाहरण; ओहोटीला तिथे चालत जाता येते आणि भरतीला होडी लागते. तिसरा प्रकार खाडीच्या मुखावरच्या भूशिरांवर उभ्या असलेल्या किल्ल्यांचा. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग आणि शास्त्री नदीच्या मुखाशी असलेला जयगड या वर्गातले. विजयदुर्गला तीन बाजूंनी पाणी आहे. चौथ्या, जमिनीच्या बाजूला खंदक खोदून त्याला जवळजवळ बेट केले होते. तो खंदक आता बुजला आहे आणि रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो.

जागा निवडताना बेटाच्या आकारापेक्षा त्याच्या भोवतालाकडे जास्त लक्ष दिलेले दिसते. मालवणच्या किनाऱ्यासमोरचे, सिंधुदुर्गाचे कुरटे बेट घ्या. भोवती पाण्याखाली आणि पाण्याबाहेर खडकांचे जाळे आहे. वाट माहीत नसलेल्या मोठ्या जहाजाला तिथे शिरणे धोक्याचे. स्थानिक तांडेल मात्र त्याच खडकांतून होडी सहज काढतो. हेच खडक पावसाळी लाटेचा पहिला तडाखा स्वतःवर घेतात, त्यामुळे तटावर आदळणारी लाट आधीच मोडलेली असते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. त्याची पूजा जिथे झाली असे मानतात, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही दाखवतात. १६६७मध्ये किल्ला उभा राहिला. त्याचा तट नाकासमोर सरळ जात नाही. बेटाच्या कडेने वळणे घेत, आत-बाहेर होत जवळपास तीन किलोमीटर जातो आणि सुमारे ४८ एकर जागेला कवेत घेतो. ही वळणे दुहेरी कामाची आहेत. लाटेचा जोर एका लांबलचक सरळ भिंतीवर येत नाही, आणि तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर शेजारच्या बुरुजातून आडवा मारा करता येतो.

वसईशी तुलना केली की हा फरक अधिक ठसतो. तिथला पोर्तुगिजांचा कोट युरोपात तेव्हा रूढ झालेल्या कोनाकृती बुरुजांचा. कागदावर आखणी करून जमिनीवर उतरवलेला. मराठ्यांचे जलदुर्ग मात्र खडकाची कड जशी वळेल तसे वळतात आणि त्यांचे बुरूज गोल असतात. या पद्धतीला आराखडा नव्हता असे म्हणणे बरोबर नाही. आराखडा होता, तो आधी खडकाने ठरवलेला होता, एवढेच.

दगड, चुना आणि शिसे

जलदुर्गाचा सर्वांत चिवट शत्रू तोफ नव्हे. तोफ वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी येते, खारे पाणी मात्र रोज दोनदा भरतीबरोबर येते. दगडाच्या छिद्रांत शिरलेले पाणी वाळते, मीठ मागे राहते, त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पृष्ठभाग कणाकणाने सुटतो. या समस्येला कोकणच्या गवंड्यांनी एकाहून अधिक उत्तरे दिली आणि ती एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत.

पहिले उत्तर सिंधुदुर्गाचे. पायाचे दगड बसवताना शिसे ओतले, अशी नोंद परंपरेने चालत आली आहे. धातूने सांधलेला पाया लाटेने हलत नाही, हा त्यामागचा हिशोब. या बांधकामाशी हिरोजी इंदुलकर यांचे नाव जोडले जाते. दुसरे उत्तर कुलाब्याचे, आणि ते नेमके उलट दिशेचे. तिथल्या तटात प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत. मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि परत निघून जाते. भिंत लाटेला अडवत नाही, तिचा जोर फोडते. आजही किनारे राखण्यासाठी मोठमोठे सुटे दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकतात, ते याच तत्त्वावर.

तिसरे उत्तर पद्मदुर्गाचे. जंजिऱ्यासमोरच्या कांसा खडकावर हा किल्ला शिवाजी महाराजांनी उभारला. त्याच्या तटाकडे जवळून पाहिले तर एक चमत्कारिक दृश्य दिसते : दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधल्या चुन्याच्या रेषा बाहेर उभ्या आहेत. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी पाषाण खाल्ला, चुना खाल्ला नाही. चुना कसा भाजावा, किती दिवस मुरवावा, घाणीत किती मळावा याचे ज्ञान किती पक्के होते, याला आणखी पुरावा नको. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली अशा तटांत सिमेंट भरले जाते, तेव्हा नेमकी ही गोष्ट विसरली जाते. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असते, ओल बाहेर जाऊ देत नाही आणि मग शेजारचा दगडच फुटतो.

दक्षिणेकडे जांभ्याचा वापर वाढतो. विजयदुर्गच्या बांधकामात तो ठळकपणे दिसतो. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, छिन्नीने सहज कापला जातो, हवा लागली की घट्ट होतो. काळ्या पाषाणाइतका तो टणक नाही. म्हणून भिंत जाड करावी लागते. त्याचा एक फायदाही आहे. तोफेच्या गोळ्याने कठीण दगड तडकतो, त्याच्या कपच्या उडतात. सच्छिद्र जांभा गोळ्याचा बराचसा मार पोटात घेतो. सुवर्णदुर्गात तर तटाचा काही भाग वेगळा बांधलेलाच नाही : बेटाचा कातळ तासून तोच पायथा केला आणि त्यावर भिंत चढवली.

दरवाजा, पाणी, दारू

तटाला एक जागा मुद्दाम कमकुवत ठेवावीच लागते. ती म्हणजे दरवाजा. ती लपवण्यात या किल्ल्यांचे स्थापत्य सर्वांत चतुर आहे. जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा किनाऱ्यावरच्या राजपुरीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दोन बुरुजांच्या बेचक्यातला तो दिसतच नाही. सिंधुदुर्गाचीही तीच तऱ्हा. दुरून सगळीकडे सलग तट दिसतो. बुरुजाला वळसा घालून आत शिरले की दरवाजा पुढे येतो. गोमुखी रचनेमुळे येणाऱ्याला वळावे लागते, आणि वळताना तो दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडतो. तोफ सरळ रोखायला जागा मिळत नाही. आत देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या. बहुतेक किल्ल्यांना मागच्या बाजूला एक चोरदरवाजाही असतो. मोठा वेढा पडला तर रात्री होडी लावायला तोच उपयोगी.

पाणी ही दुसरी अट. समुद्रात गोडे पाणी सापडले की आपण त्याला चमत्कार म्हणतो. सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी अशाच कौतुकाचा विषय. त्यामागे साधे शास्त्र आहे. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. उथळ विहिरीला हा वरचा थर लागतो. खोदताना खोली बेताची ठेवायची आणि उपसा जपून करायचा, हे कौशल्य. उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर सरकते. जिथे असा थर पुरेसा नाही, तिथे पाऊस साठवला जातो. जंजिऱ्यात दोन मोठे तलाव आहेत, कुलाब्यात पुष्करणी. आत किती माणसे ठेवता येतील, हे तटाच्या लांबीवर नव्हे, या पाण्यावर ठरे.

तिसरी अट दारूगोळ्याची, आणि इथेच या किल्ल्यांचे मर्म होते. दारूकोठार कोरडे हवे, म्हणून ते उंचावर आणि बंदिस्त असे. समुद्रावरून सरळ येणारा गोळा तटावर अडतो, तोवर ते सुरक्षित. पण अठराव्या शतकात युरोपीय आरमारांची उखळी तोफा असलेली खास गलबते या किनाऱ्यावर आली. उखळी तोफेचा फुटणारा गोळा उंच कमान करून तटावरून आत पडतो. त्याच्यापुढे तटाची जाडी निरुपयोगी. किल्ला बांधणाऱ्यांनी ज्या माऱ्याचा विचार केला होता, तो आडवा होता. जो आला तो वरून आला.

एकटा किल्ला नसतोच

आता किल्ल्याबाहेर पाहू. सिंधुदुर्ग एकटा बांधलेला नाही. त्याच्या जवळच्या बेटावर पद्मगड, मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट आणि उत्तरेला कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट अशी त्याची पाठराखण होती. हर्णैला सुवर्णदुर्गासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कुलाब्याला लागूनच छोटा सर्जेकोट आहे. तो दगडी बांधाने मुख्य किल्ल्याशी जोडलेला. हे उपदुर्ग लहान आणि दिसायला किरकोळ असले, तरी काम मोठे करत. शत्रूला समोरच्या किनाऱ्यावर तोफा मांडू द्यायच्या नाहीत, आणि स्वतःची रसद जिथून होडीत चढते तो धक्का ताब्यात ठेवायचा.

हा विचार शत्रूविरुद्धही वापरला गेला. जंजिरा घेता येत नाही म्हटल्यावर त्याच्या समोरच पद्मदुर्ग उभारला गेला, म्हणजे सिद्दीच्या राजपुरीला शेजारीच प्रतिस्पर्धी ठाणे. त्या काळातले शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला ते लिहिले आहे. पद्मदुर्गाकडे पाठवायचे धान्य आणि पैसा त्याने पोचवला नाही, म्हणून त्यात त्याची कडक शब्दांत कानउघाडणी आहे : ऐन वेळी रसद अडवणारा चाकर शत्रूचेच काम करतो, असा त्याचा रोख. जलदुर्गावरच्या साऱ्या कागदपत्रांत हे पत्र मला सर्वांत बोलके वाटते. बांधकाम चालू असलेल्या समुद्रातल्या किल्ल्याची त्याच्या धन्याला सर्वांत मोठी काळजी आहे ती किनाऱ्यावरून निघणाऱ्या धान्याच्या होड्यांची.

आरमार हा या साखळीचा शेवटचा आणि निर्णायक दुवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि त्यावर वेगळे प्रकरण दिले आहे. जहाजे कशी असावीत, लाकूड कुठून आणि कसे घ्यावे, रयतेची फळझाडे तिच्या मनाविरुद्ध तोडू नयेत, इथपर्यंत त्यात सूचना आहेत. मराठ्यांची गुराबे आणि गलबते युरोपीय जहाजांपेक्षा लहान. त्यांना पाणी कमी लागे. खडकांच्या आणि खाड्यांच्या किनाऱ्यावर हीच त्यांची ताकद. पाठलाग झाला की ती उथळ खाडीत शिरत आणि किल्ल्याच्या तोफांआड जात. किल्ला आरमाराला आसरा देई, आरमार किल्ल्याला रसद देई. पावसाळ्यात समुद्र बंद असे. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत शत्रूही यायचा नाही आणि धान्यही नाही. म्हणून पहिला पाऊस पडण्याआधी किल्ल्याची कोठारे भरलेली असणे, हे कोणत्याही बुरुजाइतकेच महत्त्वाचे होते.

वेढ्यांची साक्ष

जलदुर्गाचा निम्मा भाग तटाबाहेर असतो, या विधानाची खरी परीक्षा वेढ्यांत होते. पहिली साक्ष खांदेरीची. ऑगस्ट १६७९च्या अखेरीस मराठ्यांचा मायनाक भंडारी माणसे आणि तोफा घेऊन मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर उतरला आणि तटबंदीला सुरुवात झाली. मुंबईच्या इंग्रजांनी बेट अडवायला जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेले. लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, तर ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र मराठी होड्यांना मागे रेटले. खरा निकाल लागला तो त्यानंतर, रोज रात्री. इंग्रजांची मोठी जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून अंधारात धान्य आणि सामान घेऊन बेटाला लागत. अर्धवट बांधलेला तट असलेले हे बेट आरमारी नाकेबंदीतही टिकले, कारण नाकेबंदीला भोके होती. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी हात आवरला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट चढवला. पद्मदुर्गाने जंजिऱ्याला जे केले, तेच उंदेरीने खांदेरीला केले.

दुसरी साक्ष जंजिऱ्याची. त्याच्या अजिंक्यपणाचे श्रेय सहसा कलालबांगडीसारख्या तोफांना आणि भरतीच्या पाण्यातून सरळ वर येणाऱ्या तटाला दिले जाते. ते काही अंशी खरे आहे. मूळ राम पाटील या कोळ्याच्या लाकडी मेढेकोटाच्या जागी निजामशाहीच्या काळात, १५६७ ते १५७१ दरम्यान दगडी किल्ला झाला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्दी सुरुलखानाने त्याला सध्याचे रूप दिले. तरी १६८२मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात दगडांचा भराव घालायला सुरुवात केली, तेव्हा सिद्दीवर खरे संकट आले होते. मोहीम सोडावी लागली, कारण मोगल सरदार हसनअली खान उत्तर कोकणात उतरला. १६७०च्या सुमारापासून सिद्दी मोगलांचे आरमारी चाकर झाले होते. सुरतेची मदत त्यांना मिळे आणि पावसाळ्यात त्यांची जहाजे मुंबईच्या बंदरात आसरा घेत. जंजिऱ्याचा बाहेरचा निम्मा भाग दिल्ली, सुरत आणि मुंबईपर्यंत पसरला होता. तो तोडणे मराठ्यांच्या हातात नव्हते. ज्या वर्षी तो आक्रसला, त्या वर्षी सिद्दीही वाकला. १७३६मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याला जमिनीवरच्या लढाईत मारले, आणि त्यानंतर सिद्दींचा किनाऱ्यावरचा दरारा कमी झाला. किल्ला मात्र राहिला. त्यापुढे तो संस्थानाची गादी होता, किनाऱ्याची सत्ता नव्हता.

तिसरी साक्ष कुलाब्याची, आणि तीत जमिनीचे महत्त्व सर्वांत उघड दिसते. कुलाब्याचे धनी आणि मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्याविरुद्ध मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. डिसेंबर १७२१मध्ये कमोडोर मॅथ्यूजच्या जहाजांसह हजारोंची फौज अलिबागला आली. किल्ला ओहोटीला जमिनीशी जोडला जातो, म्हणजे तो जमिनीवरून घेता येईल, हा त्यांचा हिशोब बरोबर होता. चुकले ते हे की त्या जमिनीवर मराठी घोडदळ येऊ शकते. शाहू महाराजांनी पाठवलेली फौज आणि मागून आलेला बाजीराव यांच्यापुढे चढाई कोसळली आणि पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतले. समुद्रातला किल्ला घोड्यांनी वाचवला.

आता पडलेल्या किल्ल्यांकडे वळू. १७२९मध्ये कान्होजी वारले. पुढे आंग्र्यांच्या घरात वाटण्या होऊन आरमार कुलाबा आणि विजयदुर्ग अशा दोन ठिकाणी विभागले गेले. विजयदुर्गचे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर टोकाला गेले आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे जहाज आणि उखळी तोफांची गलबते घेऊन सुवर्णदुर्गावर आला. समुद्राच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने केलेल्या माऱ्याचा कातळावर उभ्या तटावर फारसा परिणाम झाला नाही. मग त्याने जहाजे किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणली. किनारा पेशव्यांच्या फौजेमुळे आंग्र्यांचा राहिलेला नव्हता, म्हणून हे शक्य झाले. आतल्या दारूसाठ्याला आग लागली आणि किल्ला पडला. जेम्सच्या या विजयाच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने लंडनमधल्या शूटर्स हिलवर १७८४मध्ये एक मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे इंग्रजी जिभेवरचा सुवर्णदुर्ग.

दहा महिन्यांनी विजयदुर्गची पाळी आली. १७२०मध्ये इंग्रजांनी तरंगते तोफखाने घेऊन आणि १७२४मध्ये डचांनी सात जहाजांनिशी इथे आपटी खाल्ली होती. तेव्हाचा आणि आताचा तट एकच. बदलले होते ते बाहेरचे. ॲडमिरल वॉटसनचे आरमार १२ फेब्रुवारी १७५६ रोजी खाडीत शिरले. तुळाजींची जहाजे किल्ल्याखाली एकमेकांना खेटून बांधलेली होती. त्यांतल्या ‘रिस्टोरेशन’ या पूर्वी इंग्रजांकडूनच हिसकावून घेतलेल्या जहाजावर गोळा फुटला, आग शेजारच्या जहाजांवर गेली आणि काही तासांत आंग्र्यांचे आरमार जळून गेले. रॉबर्ट क्लाइव्हने रात्री जमिनीवर फौज उतरवली. तिचे एक काम किल्ल्याची नाकेबंदी, आणि दुसरे, मित्र म्हणून आलेल्या पेशव्यांच्या सैन्याला किल्ल्यापासून दूर ठेवणे. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. आरमार गेले, जमीन गेली, मग तट कोणासाठी लढणार? त्याच वर्षी इंग्रजांनी किल्ला पेशव्यांना दिला आणि बदल्यात बाणकोट ठेवून घेतला. किल्ला मराठ्यांना परत मिळाला. धुळप घराण्याच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार तिथे पुढेही राहिले, पण इंग्रजांना अडवण्याचे बळ पुन्हा आले नाही.

सिंधुदुर्गाची कथा थोडक्यात. करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे, असलेला हा किल्ला इंग्रजांनी १७६५मध्ये घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी परत केला. किल्ला ताब्यात ठेवणे त्यांना महाग वाटले आणि पाडणेही. १८१२मध्ये मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले. १८१८मध्ये विजयदुर्ग लढाईविना शरण आला. एका राज्याची मुख्य ठाणी गेल्यावर त्याच्या समुद्रकाठच्या किल्ल्यांना स्वतंत्र आयुष्य उरले नव्हते.

कथा आणि पुरावा

जलदुर्गांभोवती दंतकथा वाढतात. काहींमध्ये तथ्य असते, काहींमध्ये दुसऱ्याच घटनेची सावली. विजयदुर्गजवळ पाण्याखाली शत्रूची जहाजे फोडण्यासाठी बांधलेली भिंत आहे, ही कथा जुनी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाण्याखाली पाहणी केली आणि शंभर मीटरहून अधिक लांबीची दगडी रचना नोंदवली. ती कोणी आणि कशासाठी केली हे सिद्ध करणे वेगळे. जहाजे तिच्यावर आदळून बुडाल्याचे वर्णन हे तिच्या अस्तित्वाच्या पुराव्यातून आपोआप निघत नाही. सूर्यावरच्या हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला, हे विधानही असेच. ज्यांना या शोधाचे श्रेय दिले जाते ते नॉर्मन लॉकियर १८६८च्या ग्रहणाच्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले ते जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्यातले ‘साहेबांचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे त्याच मोहिमेशी जोडावे लागतात. किल्ल्याचे महत्त्व या दुरुस्तीने तसूभरही कमी होत नाही.

विजयदुर्गची खरी अद्भुत गोष्ट तुलनेने दुर्लक्षित आहे. खाडीत आत, गिर्ये गावाजवळ, कातळ खोदून केलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, पाणी अडवायचे आणि कोरड्या जागेत तळ दुरुस्त करायचा, अशी ती सोय. तट कसा होता हे किल्ला सांगतो. त्यामागचे राज्य कसे चालत होते, हे ही गोदी सांगते.

जपायचे काय?

जुलै २०२५मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे समुद्राशी नाते असलेले चार आहेत. नावातला ‘भूदृश्य’ हा शब्द या लेखाच्या मुद्द्याला धरून आहे : किल्ला सुटा पाहायचा नाही, त्याच्या भोवतालासकट पाहायचा.

प्रत्यक्षात आपली नजर अजून तटावरच खिळलेली आहे. डागडुजी, दिवे, पायऱ्या, माहितीफलक हे सारे मुख्य किल्ल्यात होते, आणि ते हवेच. पण हर्णैच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर वस्ती. तिथे गेलेल्या पर्यटकाला आपण सुवर्णदुर्गाच्याच एका भागावर उभे आहोत, हे कळत नाही. राजकोट आणि पद्मगड बहुतेकांना सिंधुदुर्गाच्या होडीतून दिसणारी पार्श्वभूमी वाटतात. विजयदुर्गला येणारे बहुतेक जण गिर्येच्या गोदीकडे फिरकत नाहीत. वस्ती उठवावी किंवा दीपगृह हलवावे, असे कोणी म्हणणार नाही. तिथे राहणारे कोळी आणि भंडारी हेच या आरमाराच्या खलाशांचे वारस आहेत. करता येण्याजोगे बरेच आहे. उपदुर्गांची मोजणी आणि नकाशे, गोदीचे संरक्षण, जुन्या होडीवाटांची आणि खडकांची स्थानिक नावे तांडेलांकडून नोंदवून घेणे, तटाच्या दुरुस्तीत सिमेंटऐवजी चुना, आणि प्रत्येक जलदुर्गाच्या माहितीफलकावर त्याचे बाहेरचे निम्मे अंग दाखवणारा नकाशा. यातल्या बहुतेक कामांना तट पुन्हा बांधण्याइतका पैसा लागत नाही.

जिवाजी विनायकाला लिहिलेल्या त्या पत्राचा विषय धान्य आणि पैसा हा होता, तट किंवा तोफ हा नव्हता. साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्याला जे उघड दिसत होते, ते संवर्धनाच्या आराखड्यातही दिसायला हवे. तट दुरुस्त होतील आणि गोदी, धक्के, उपदुर्ग आणि खाडीच्या वाटा विस्मरणात जातील, तर आपल्याकडे सुंदर भिंती उरतील. जलदुर्ग मात्र पुन्हा एकदा किनाऱ्याच्या बाजूनेच गेलेला असेल.